अथेन्सच्या पुढे टर्की

डब्लिन, ओहायो
रविवार, १९ मार्च २००६

ती. वन्संना शुभाचा वाकून नमस्कार.

वाकून असं लिहिलंय खरं, पण गुडघ्यांचं काही सांगता येत नाही. म्हणजे नमस्कार मनापासून, वाकणं जमेल तेवढं.

तुमचं पत्र मंगळवारी मिळालं. इकडे गेल्या आठवड्यात छान ऊन पडलं होतं म्हणून मी बागेची हत्यारं बाहेर काढली, आणि काल सकाळी उठून बघते तर सगळ्यावर बर्फ. रुचाकडे रेडमंडला बर्फ नाही, नुसता पाऊस. ती म्हणते, ऑफिसला जाताना अंधार, येताना अंधार, आणि मध्ये पाऊस. तरी मजेत आहे. पाडव्याला श्रीखंड कर म्हटलं, तर म्हणाली, "आई, दुकानातलं आणते ना, काय फरक पडतो!" तुमच्या भाचीला तुम्हीच समजवा.

आता मुद्द्यावर येते. तुम्ही लिहिलंय की सप्टेंबरात एक टूर सांगलीहून तुर्कस्तानला जातेय, तुम्ही तुमचं आणि माझंही नाव घातलंय. "दत्तू अठरा वर्षं दर एप्रिलला जिथे जायचा, ते गाव मला एकदा डोळ्यांनी बघायचंय. गावाचं नाव कळव, म्हणजे त्या लोकांना सांगून वाट थोडी वाकडी करता येईल."

हे वाचून मी पत्र फ्रिजवर मॅग्नेटखाली लावलं. पाच दिवस दूध काढताना ते मला दिसतंय. आज ठरवलं, सांगून टाकायचं.

वन्सं, तुमचा भाऊ तुर्कस्तानात कधीही गेला नाही.

थांबा, पत्र फाडू नका. आधी एक लहान कबुली देते, म्हणजे मोठीला हात घालता येईल. तुमच्यासमोर मी त्यांना कधी नावानं हाक मारली नाही, पण इथे छत्तीस वर्षं मी त्यांना देवदत्तच म्हणत होते. तेव्हा पत्रातही तसंच म्हणते.

आमच्या डब्लिनपासून गाडीनं दीड तासावर अथेन्स नावाचं गाव आहे. ग्रीसमधलं नव्हे, ओहायोतलं. इकडच्या लोकांना गावाला नाव सुचलं नाही की ते सरळ जगाचा नकाशा उघडतात. त्या अथेन्सच्या पुढे डोंगरात वॉल्टरचं शेत आहे. वॉल्टर म्हणजे देवदत्तच्या ऑफिसातला, माती तपासायला जमिनीत भोकं पाडायचा तो मोठ्या हातांचा माणूस. आणि टर्की हा एक पक्षी आहे. मोराचा गरीब चुलतभाऊ म्हणा. डोकं बोडकं, गळ्याला लाल लोंबतं कातडं, पण पिसारा फुलवला की ऐट तीच. एप्रिलात त्याच्या शिकारीचा सीझन असतो.

अठ्ठ्याऐंशी साली वॉल्टरनं पहिल्यांदा बोलावलं, त्याच दिवशी तुमचा फोन आला. तेव्हाचे फोन तुम्हाला आठवतात, आपलाच आवाज आपल्याला परत ऐकू यायचा. देवदत्त म्हणाले, "अथेन्सच्या पुढे टर्कीला चाललोय, चार दिवस घरी नाही." तुम्ही भूगोलाच्या बाई. डब्लिन, अथेन्स, टर्की, तुमच्या डोळ्यांपुढे रेघ आखलीच गेली असणार. तुम्ही तिकडून ओरडलात, "आई, दत्तू तुर्कस्तानला चाललाय!" मग आईंनी फोन घेतला आणि म्हणाल्या, "जपून जा रे बाळा, स्वेटर ने." आता ज्या घरात अंडंसुद्धा कधी आलं नाही, त्या घरातल्या आईला कोण सांगणार, की आई, मी पक्षी मारायला चाललोय? देवदत्तनी माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. ते म्हणाले, "हो आई, स्वेटर घेतलाय." तुम्ही परत फोन घेऊन विचारलंत, काय काम आहे? म्हणाले, "कॉन्फरन्स."

तिथून जे सुरू झालं ते आवरेना. तुम्ही ॲटलासमध्ये लाल पेन्सिलीनं रेघ मारलीत, नववीच्या मुलींना भाऊ कुठे जातो ते सांगायला लागलात. तुमच्या निरोपसमारंभात एका मुलीनं भाषणात ते म्हटलंसुद्धा. ती कॅसेट तुम्ही पाठवलीत, ती ऐकताना देवदत्त उठून गॅरेजमध्ये गेले. मग आई गेल्या. तेव्हा सांगता आलं असतं. पण तोवर तुमची रेघ इतकी पक्की झाली होती की ती पुसायची कुणी?

आणि तुमच्या शोकेसमधली निळी तुर्की थाळी. ती कोलंबसच्या एका मॉलमधून मी आणली. मागे 'मेड इन चायना'चं स्टिकर होतं, ते मी नेलपॉलिश रिमूव्हर लावून खरवडलं. तेव्हा सगळा दोष भावाला देऊ नका. निम्मी मी आहे.

त्यांनी अठरा वर्षांत अकरा पक्षी मारले. हे मी लपवत नाही. मारले, वॉल्टरच्या बायकोनं रांधले, त्यांनी चवीनं खाल्ले. घरात मी पीसही येऊ दिलं नाही. तिकडून आले की सुतकातल्या माणसासारखं त्यांना आधी बेसमेंटमध्ये आंघोळीला पाठवायची, कपडे वेगळे धुवायची. ते हसत जायचे. ओल्या डोक्यानं वर येऊन म्हणायचे, "झालो का शुद्ध?"

गेल्या एप्रिलचं तेवढं सांगते, तुम्हाला बरं वाटेल. केमो चालू होती, तरी त्यांनी हट्ट धरला, म्हणून मीच गाडी चालवत नेलं. मी गाडीत थांबले. ते वॉल्टरबरोबर रानात गेले आणि दुपारी हात हलवत परत आले. गाडीत बसल्यावर एवढंच म्हणाले, "आला होता. वीस पावलांवर उभा होता. बंदूक उचलली नाही." म्हणजे बघा वन्सं, शेवटी त्यांना दया आली. ते गेल्यावर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगितलं. आईंना हे ऐकायला मिळायला हवं होतं.

आता दुसरी बातमी, आणि इथे बसून घ्या. जानेवारीत वॉल्टरचा फोन आला. म्हणाला, "शूभा, देवची जागा रिकामी आहे. येतेस?" मी विचार करायच्या आधीच हो म्हणून बसले. का म्हणाले ते विचारू नका. घरात बसून तरी काय करायचं, असं समजा. लायसन्ससाठी शाळकरी पोरांच्या बाकावर बसून परीक्षा दिली. पास झाले, तुमच्या वहिनीला शंभरपैकी चौऱ्याण्णव आहेत.

आता वांधा एवढाच आहे की नेऊ काय. त्यांची शॉटगन, की माझं धनुष्य?

धनुष्य ऐकून हसू नका. माझ्या पन्नासाव्या वाढदिवसाला देवदत्तनी ते आणलं होतं. वर चिठ्ठी होती, "एकदा ये." मी गेले नाही. पण धनुष्य आवडलं. बारा वर्षं गॅरेजमध्ये गवताच्या पेंढीवर कागद लावून बाण मारते आहे. कागदाशी माझं वैर, दुसऱ्या कुणाशी नाही. पण शिकारीला इथे नियम आहे, दोरी ओढायला निदान चाळीस पौंडांचा जोर लागला पाहिजे, नाहीतर बाण नुसता जखमी करतो. माझं धनुष्य तिसावर लावलेलं होतं. थंडीभर एकेक पेच आवळत गेले. आता चाळीस होतं, पण ओढल्यावर तोंडातून काय निघतं ते लिहिण्यासारखं नाही.

वॉल्टर म्हणतो, बंदूक ने. चाळीस पावलांवरूनही चुकत नाही, पक्षी जागच्या जागी मरतो, हाल होत नाहीत. हे मला पटतं. त्याच्या शेतावर जाऊन तीनदा उडवून बघितली. खांदा निळा झाला, तुमच्या थाळीसारखा. धनुष्याला पक्षी वीस पावलांत यावा लागतो, आणि त्याची नजर अशी की आपण पापणी हलवली तरी त्याला कळतं. त्याच्यासमोर एवढी दोरी ओढायची म्हणजे बघा. पण आवाज नाही, धूर नाही, आणि ते माझं आहे. बंदूक त्यांची आहे. ती नेली तर त्यांचं काम पुढे नेल्यासारखं होईल. धनुष्य नेलं तर त्या चिठ्ठीला उत्तर दिल्यासारखं होईल. रुचा म्हणते, "आई, आर यू सीरियस? यू डोन्ट ईव्हन ईट एग्ज! आणि जायचंच असेल तर प्लीज गन ने, धनुष्य काय, रामायणात काम करतेयस का?"

तुम्ही सांगा. तुम्ही रागावून काही सांगणार नसाल तर तसं तरी कळवा.

सप्टेंबरच्या टूरमधून नावं काढायची असतील तर काढा. मी समजेन.

नेलपॉलिश रिमूव्हरचा वास अजून बोटांना येणारी,
तुमची
शुभा


डब्लिन, ओहायो
रविवार, ७ मे २००६

ती. वन्सं,

नमस्कार. आज वाकणं जमलं, गुडघे चक्क बरे आहेत.

तुमचं चार ओळींचं पत्र पाकिटासकट जपून ठेवलंय. "अकरा पक्षी म्हणजे अकरा दिवस. हे पत्र मिळाल्यापासून अकरा दिवस मला फोन करायचा नाही, बाराव्या दिवशी कर. बंदूक जड असते म्हणतात. तुला झेपेल ते ने." पत्र मिळालं तेरा एप्रिलला. मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोज एक फुली मारत होते. असं सुतक कुणी पाळलं नसेल, पण मी पाळलं. बारावा दिवस आला चोवीस तारखेला, आणि सीझनचा पहिला दिवसही नेमका तोच. सकाळी रानात, संध्याकाळी तुम्हाला फोन.

फोनवर तुम्ही पहिली वीस मिनिटं मला झोडपलंत, त्यानं फार बरं वाटलं. तुम्ही ॲटलासमधली लाल रेघ खोडरबरानं पुसलीत, आणि जुन्या विद्यार्थिनींपैकी निदान त्या भाषणवाल्या मुलीला खरं सांगणार आहात, हे ऐकून मला हसूही आलं आणि लाजही वाटली. आणि मग तुम्ही भिंग घेऊन ओहायोच्या नकाशावर अथेन्स शोधलंत म्हणालात, तेव्हा मला कळलं की माफी झाली.

शेवटी तुम्ही विचारलंत, "मग? लागला का बाण?" मी म्हटलं, नाही. वीस पावलांवर आला होता, पण बाण सोडला नाही. तुम्ही म्हणालात, "बरं झालं. दत्तूसारखी तुलाही शेवटी दया आली."

मी गप्प बसले. त्या गप्प बसण्यासाठी हे पत्र आहे. जे झालं ते मला फोनवर सांगवलं नाही.

मी तुमचं ऐकून धनुष्य नेलं. उचलायला हलकं, खांद्याला बरं. वॉल्टरनं ओकच्या दोन झाडांमध्ये झाडपाल्याच्या रंगाचा एक छोटा तंबू लावला होता, त्यात घडीचं स्टूल. तो स्वतः मागे तीस पावलांवर झाडाला टेकून बसला. त्याच्याकडे पाटीचा एक गोल तुकडा असतो, त्यावर काडी घासली की टर्कीची मादी बोलावते तसा आवाज निघतो. उजाडता उजाडता समोरच्या टेकडीवरून उत्तर आलं. मग दोन तास काही नाही. थंडी होती. मी पाय हलवला नाही, हात हलवला नाही, शिंक आली ती गिळली.

आणि तो आला. पिसारा उघडून, एका जागी गोल फिरत, छातीवर केसांची एक दाढी लोंबते आहे. इथे दाढीवालाच मारायचा असा नियम आहे. चांगला दाढीवाला होता. त्याच्या पाठीवरचा तांब्याचा रंग मला स्पष्ट दिसत होता. वीस पावलं, कदाचित अठरा. त्यानं डोकं समोरच्या एका झाडाच्या आड घातलं, तीच वेळ होती. मी दोरी ओढली.

वन्सं, मला मारायचंच होतं. दया नव्हती, दयेचा विचारही नव्हता. मी ओढली, आणि ती अर्ध्यावर थांबली. गॅरेजमध्ये दुपारी, दहादा हात झटकून ओढणं वेगळं, आणि दोन तास गारठून बसल्यावर ओढणं वेगळं. दंड थरथरायला लागले. धनुष्य हलायला लागलं. त्यानं डोकं बाहेर काढलं, तंबूच्या खिडकीतून सरळ माझ्याकडे बघितलं, पिसारा मिटला, आणि काही घाई न करता, देवळातून बाहेर पडल्यासारखा चालत निघून गेला.

वॉल्टर आला. म्हणाला, "काय झालं?" मला इतकं वाईट वाटत होतं की इंग्रजी सुचेना. त्याच्याशी मी मराठीत बोलले. म्हटलं, "ओढवली नाही."

आणि ते माझ्याच तोंडून ऐकून मी तिथे स्टुलावर परत बसले.

गेल्या एप्रिलमध्ये गाडीत हीटर फुल चालू होता. त्यांना थंडी सोसत नव्हती. त्यांचा आवाज आधीच बसलेला. ते म्हणाले, बंदूक उचलली नाही. असं मी ऐकलं. असं मी सगळ्यांना सांगितलं, तुम्हाला लिहिलं. ते म्हणाले होते, बंदूक उचलवली नाही.

एक 'व'. बाकी वाक्य तेच. त्यांना मारायचा होता तो पक्षी. बारावा. साडेतीन किलोची बंदूक मांडीवरून खांद्यापर्यंत नेता आली नाही. वॉल्टर मागे होता, त्याला पाठच दिसत होती. त्यालाही वाटलं, देवनं सोडून दिला. आणि मी पुढे वर्षभर त्यांच्या नावानं दयेची गोष्ट सांगत फिरले. समोरची माणसं डोळे पुसायची आणि मला बरं वाटायचं.

तुम्ही टर्की ऐकलंत आणि तुम्हाला देश ऐकू आला, कारण तुम्हाला भाऊ मोठा झालेला हवा होता. मला 'उचलली' ऐकू आलं, कारण मला ते शेवटी आपल्यासारखे शुद्ध होऊन आलेले हवे होते. आपण दोघी सारख्याच आहोत.

आता जे मार्चच्या पत्रात लिहिलं नाही ते लिहिते. मी गाडीत थांबले, एवढंच तुम्हाला लिहिलं होतं. पण त्यांनी मला विचारलं होतं. गाडीतून उतरताना दार धरून उभे राहिले आणि म्हणाले, "शुभा, आज चल ना. नुसती बस शेजारी. डोळे मिटून बसलीस तरी चालेल." मी म्हटलं, "मी नाही असल्या कामाला शेजारी बसणार." आणि शब्दकोडं काढलं. ते मागे सरकले. मग दार हळू लावलं. ते दार नेहमी आपटावं लागतं, नाहीतर नीट लागत नाही. त्यांनी हळू लावलं, आणि त्यांना जोरात लावता येत नसेल हे मला सुचलं नाही.

मी शेजारी असते तर काय लागलं असतं? बंदुकीच्या नळीखाली एक हात. मी बारा वर्षं धनुष्य ओढत होते, माझ्या हातात तेवढा जोर नक्की होता. त्यांना तेवढंच हवं होतं म्हणून त्यांनी विचारलं, की आणखी काही, ते आता कळणार नाही. तुम्ही म्हणाल, शुभा, तू पक्षी मारायला मदत केली असतीस? हो, केली असती. आज केली असती. एका पक्ष्यावर दया दाखवण्याच्या नादात मी माझ्या माणसावर दाखवली नाही, हे मला कळलं आहे, आणि ते मला फार दुखतं. जानेवारीत वॉल्टरला हो म्हणाले ते यासाठीच म्हणाले. तेव्हा 'व' माहीत नव्हता, पण ते हळू लागलेलं दार माहीत होतं.

हे तुम्हाला सांगितलं कारण तुम्ही त्यांच्या सख्ख्या बहीण, आणि मला दयेचं श्रेय तुमच्याकडून घेववत नाही. रागवायचं असेल तर पुन्हा दिवस नेमून द्या. कॅलेंडर आहे, फुल्या मारीन.

सीझन एकवीस तारखेला संपतो. मी परत जाणार नाही. वॉल्टर म्हणाला, पेच सैल कर, पुढच्या वर्षी क्रॉसबो आण, बंदुकीसारखं चाप असलेलं धनुष्य, त्याला जोर लागत नाही. मी म्हटलं, पुढच्या वर्षी बंदूक आणते. देवची.  तो मोठे हात खिशात घालून उभा राहिला.

सप्टेंबरातलं माझं नाव काढू नका. मी इथून परस्पर इस्तंबूलला येते, तुम्ही टूरबरोबर या. खरी निळी थाळी घेऊ, मागे बघून घेऊ. कुणी विचारलं तर सांगू, आमच्या घरातलं कुणी इथे कधी आलं नव्हतं, आम्हीच पहिल्या.

आणि पुढच्या एप्रिलला तुम्ही इकडे या. नाही म्हणायच्या आधी ऐका. खायचं काही नाही, बघायचं नसेल तर डोळे मिटा. अथेन्सच्या पुढे तासाभरात ते शेत आहे. ज्या ओकाला टेकून देवदत्त अठरा वर्षं बसले, त्याचं खोड आपल्या दोघींच्या पाठींना पुरेल एवढं रुंद आहे, मी मोजून आले. स्वेटर आणा. बंदूक मी उचलेन. मारायची की नाही ते तेव्हाचं तेव्हा. पण मला उचलवली नाही, तर वन्सं, नळीखाली हात तुमचा.

शेजारी बसायला एक वर्ष उशीर झालेली,
तुमची
शुभा